कोकोडाची वाट : माघारीचे गणित

१९४२ च्या मध्यास पापुआच्या जंगलात बर्ट किन्झली नावाच्या एका रबर-मळेवाल्याने एक हिशेब मांडला. युद्ध सुरू झाल्यावर तो ऑस्ट्रेलियन सैन्यात दाखल झाला होता आणि डोंगरातून रसद पोहोचवणाऱ्या स्थानिक हमालांची व्यवस्था त्याच्याकडे होती. हिशेब असा : एका हमालाच्या पाठीवर केवळ अन्न लादले, तर ते त्याला एकट्याला १३ दिवस पुरते. त्याच ओझ्यातून एका सैनिकालाही जेवू घालायचे, तर ते साडेसहा दिवसांत संपते. आणि पोर्ट मोर्सबीच्या बाजूने निघून डेनिकी या आघाडीच्या ठाण्यापर्यंत पोहोचायला आठ दिवस लागतात.

म्हणजे सैनिक आणि हमाल दोघांनी त्याच ओझ्यावर जगायचे, तर आघाडी येण्याआधीच पाटी रिकामी होते. काडतुसे, औषधे, कांबळी यांचा तर यात विचारच नाही.

कोकोडाच्या लढाईविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शौर्याच्या कथा आहेत, चित्रपट आहेत. परंतु जुलै ते नोव्हेंबर १९४२ या चार महिन्यांत त्या डोंगरधारांवर जे घडले, त्याची किल्ली किन्झलीच्या या त्रैराशिकात आहे. ज्यांना हे गणित कळले नाही अशा सेनापतींनी उपाशी माणसांना भित्रे ठरवले. या धाग्याचा विषय तोच आहे.

प्रथम भूगोल. न्यू गिनी हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे विशाल बेट. त्याचा आग्नेय भाग म्हणजे पापुआ; तो तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील प्रदेश होता. दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट मोर्सबी हे बंदर आणि विमानतळ. उत्तर किनाऱ्यावर बुना आणि गोना ही लहान वस्तीची ठिकाणे. दोहोंच्या मध्ये ओवेन स्टॅनले पर्वतरांग. रांगेच्या उत्तर पायथ्याजवळ कोकोडा हे छोटे गाव आणि तेथे एक धावपट्टी. दक्षिणेकडील ओवर्स कॉर्नरपासून कोकोडापर्यंतची पायवाट सुमारे ९६ किलोमीटरची. सर्वांत उंच ठिकाणी ती २,००० मीटरच्या वर जाते.

हे आकडे मात्र फसवे आहेत. ही वाट एकदाच चढून एकदाच उतरत नाही. ती डोंगराच्या धारांना आडवी छेदत जाते. एक धार चढायची, माथ्यावर श्वास घ्यायचा, पलीकडे चिखलातून घसरत ओढ्यापर्यंत उतरायचे, ओंडक्यावरून ओढा ओलांडायचा आणि पुन्हा तितकेच चढायचे. पाऊस रोजचा. भर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकलेल्यांना चिखल आणि जळवा यांची कल्पना असेल. परंतु तेथे खाली उतरल्यावर एसटीचा थांबा असतो. येथे उतरल्यावर पुढची धार असे.

जपानने जानेवारी १९४२ मध्ये रबौल आणि मार्चमध्ये लाए व सालामाउआ घेतले. पुढचे लक्ष्य पोर्ट मोर्सबी होते. मे महिन्यात कोरल समुद्रातील लढाईमुळे समुद्रमार्गे तेथे पोहोचण्याचा बेत फसला, तेव्हा जमिनीवरून डोंगर ओलांडण्याची योजना पुढे आली. २१ जुलै १९४२ रोजी जपानी तुकड्या गोनाजवळ उतरू लागल्या. मेजर जनरल होरी तोमितारो यांची ‘नानकाई शिताई’, म्हणजे दक्षिण सागर तुकडी, हे या मोहिमेचे मुख्य बळ होते. तिचा कणा असलेली १४४ वी पायदळ रेजिमेंट शिकोकू बेटावरील कोची भागातली, म्हणजे स्वतः डोंगराळ मुलखातली.

(एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. जपानने तेव्हा ऑस्ट्रेलियावर स्वारी करण्याचे ठरवले होते, असे सर्रास सांगितले जाते. जपानी नौदलातील काही अधिकाऱ्यांच्या मनात ते होते. पण भूदलाने इतके सैन्य देणे शक्य नसल्याचे सांगून तो विचार १९४२ च्या आरंभीच नाकारला होता. पोर्ट मोर्सबी घेऊन ऑस्ट्रेलियाला अमेरिकेपासून तोडणे हा खरा हेतू. सिंगापूर नुकतेच पडलेले पाहिलेल्या सामान्य ऑस्ट्रेलियन माणसाला अर्थातच हे माहीत असण्याचे कारण नव्हते.)

समोर उभी राहिली ती ३९ वी बटालियन. ही मिलिशियाची, म्हणजे देशरक्षणासाठी उभारलेल्या राखीव दलाची तुकडी. कायद्याने या दलाला ऑस्ट्रेलिया आणि तिच्या ताब्यातील प्रदेशांबाहेर पाठवता येत नसे; पापुआ त्या मर्यादेत बसत होता. परदेशात लढणाऱ्या स्वयंसेवक सैन्यातील जवान मिलिशियाला ‘चोको’ म्हणत. चोको म्हणजे चॉकलेटचे शिपाई, ऊन लागले की वितळणारे. ३९ वी बटालियन ऑक्टोबर १९४१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात उभी राहिली होती. तिच्यातील अनेक जण विशीच्या आतले. पोर्ट मोर्सबीला आल्यावर त्यांचे बरेच दिवस जहाजे उतरवण्यात आणि खंदक खणण्यात गेले होते. गणवेश खाकी, हिरव्या जंगलात तो लांबून दिसे.

२६ जुलैला ओइवीजवळ कॅप्टन सॅम टेम्पल्टन बेपत्ता झाले. वाटेवरील एका ओढ्याच्या उताराला आज त्यांचे नाव आहे. २९ जुलैच्या पहाटे कोकोडा राखताना बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल विल्यम ओवेन मारले गेले. गाव गेले, धावपट्टीही गेली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ३९ व्या बटालियनच्या एका कंपनीने कोकोडा पुन्हा घेतले आणि दोन दिवस राखले; पण विमानाने कुमक किंवा दारूगोळा आला नाही, म्हणून ते सोडावे लागले. धावपट्टी गमावणे हा घाव सर्वांत खोल होता. यापुढे प्रत्येक बिस्किट माणसाच्या पाठीवरून किंवा आकाशातून येणार होते.

आकाशाची सोय किन्झलीनेच शोधली. डोंगरमाथ्याजवळ मायोला नावाचे, कोरड्या तळ्यासारखे मोकळे गवताळ पठार त्याला सापडले. तेथे विमानांनी खाली येऊन गोण्या टाकायच्या, असे ठरले. पॅराशूट पुरेसे नव्हते. बरेच सामान तसेच टाकले जाई. काही फुटे, काही जंगलात हरवे. त्यात १७ ऑगस्टला जपानी विमानांनी पोर्ट मोर्सबीच्या धावपट्टीवर दाटीने उभी असलेली मालवाहू विमाने उद्ध्वस्त केली.

याच सुमारास ब्रिगेडियर आर्नोल्ड पॉट्स यांची २१ वी ब्रिगेड वाट चढू लागली. हे सैनिक कसलेले होते, १९४१ मध्ये सीरियात लढलेले. पॉट्स यांना आदेश होता कोकोडा परत घेण्याचा. मायोला येथे मोठा साठा तयार असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. पोहोचल्यावर सापडले सुमारे ८,००० शिधे, सांगितल्याच्या पाचव्या हिश्श्याइतके. हल्ला चढवणे दूरच, आपल्या दोन्ही बटालियन एकदम पुढे नेणेही पॉट्स यांना अशक्य झाले, कारण पुढे नेलेल्या माणसाला खायला काय द्यायचे? तुकड्या एकेक करून, रसद मिळेल तशा, पुढे गेल्या.

पुढे, इसुरावा येथे, ३९ वी बटालियन एका धारेवर खंदक खणून बसली होती. १६ ऑगस्टला लेफ्टनंट कर्नल राल्फ हॉनर यांनी तिची सूत्रे हाती घेतली. २६ ऑगस्टपासून जपानी हल्ले सुरू झाले. जपानी रीत ठरलेली असे : समोरून एक तुकडी सतत मारा करून बचाव करणाऱ्याला जागीच खिळवून ठेवी आणि दुसऱ्या तुकड्या वाट सोडून जंगलातून, उंचावरून, बगलेला वळसा घालत. सुटे करून पाठीवर वाहून आणलेल्या डोंगरी तोफा त्यांच्याकडे होत्या. ऑस्ट्रेलियनांकडे तोफा नव्हत्या.

इसुरावाची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ३९ व्या बटालियनमधील सुमारे ३० आजारी आणि जखमी जवानांना मागे पाठवले होते. वाटेत त्यांना कळले की बटालियन अडचणीत आहे. त्यांतले २७ जण मागे वळून पुन्हा आघाडीवर आले. जे तिघे आले नाहीत, त्यांपैकी एकाचा पाय तुटला होता, एकाच्या गळ्यात गोळी होती आणि एकाचा हात उडाला होता. ‘वितळणारे शिपाई’ हे विशेषण त्यानंतर कोणी वापरल्याचे दिसत नाही, निदान त्या डोंगरावर तरी.

२९ ऑगस्टला जपान्यांनी २/१४ व्या बटालियनची फळी एका ठिकाणी फोडली. तेव्हा प्रायव्हेट ब्रूस किंग्सबरी कमरेवर धरलेली ब्रेन गन झाडत सरळ त्या गर्दीत घुसले. फळी सांधली गेली. थोड्याच क्षणांत एका नेमबाजाच्या गोळीने किंग्सबरी ठार झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील भूमीवर मिळालेला तो पहिला. पण दोन्ही बगलांनी जपानी पुढे सरकतच होते. महिनाअखेरीस पॉट्स यांनी इसुरावा सोडले.

शत्रू किती होता, हा प्रश्न येथे येतो. जुन्या पुस्तकांत एकास पाच-सहा असे प्रमाण आढळते. जपानी कागदपत्रे पाहणारे पीटर विल्यम्स यांच्यासारखे नंतरचे अभ्यासक म्हणतात की इसुरावाला दोन्ही बाजूंची संख्या इतकी विषम नव्हती. यात ऑस्ट्रेलियनांची मानहानी वाटावी असे काहीच नाही. कागदावर दोन बटालियन असणे आणि धारेवर दोन बटालियन असणे या वेगळ्या गोष्टी. मधले अंतर मायोलाच्या रिकाम्या कोठाराचे होते.

यानंतर सुरू झाली ती लढत-लढत घेतलेली माघार, आणि हे युद्धातील सर्वांत अवघड काम. एक धार धरायची, जपान्यांना तयारी करून हल्ला चढवायला भाग पाडायचे, त्यात त्यांचे दिवस आणि माणसे खर्च करायची, आणि बगलेचा वळसा पूर्ण होण्याच्या आत पुढच्या धारेवर सरकायचे. थोडा उशीर झाला तर वेढा पडतो. थोडी घाई झाली तर शत्रूला धार फुकट मिळते. ८ सप्टेंबरला ब्रिगेड हिलवर तो उशीर झालाच. रात्रीतून चढून आलेल्या जपान्यांनी पॉट्स यांचे मुख्यालय आणि पुढच्या बटालियन यांच्यामधली वाट तोडली. ती मोकळी करण्याच्या प्रयत्नात कॅप्टन नाय आणि कॅप्टन लँग्रिज हे दोघे मारले गेले. वाट सुटली नाही. बटालियनना जंगलात शिरून मार्ग काढावा लागला. २/२७ वी बटालियन आपले जखमी स्ट्रेचरवर वाहत सुमारे दोन आठवडे रानात भटकत होती. १० सप्टेंबरला पॉट्स यांना मागे बोलावण्यात आले.

हे स्ट्रेचर कोण वाहत होते? बहुतेक वेळा पापुआचे लोक. एका जखमीला आठ जण लागत. ऑस्ट्रेलियन सैनिकांनी त्यांना ‘फझी वझी एंजल्स’ असे लाडके नाव दिले आणि ते आजही प्रेमाने घेतले जाते. त्या नावाखाली एक गोष्ट झाकली जाते. जून १९४२ मधील आणीबाणीच्या आदेशान्वये यांतील अनेकांना सक्तीने कामाला जुंपले होते. डॉक्टर जेफ्री व्हर्नन यांनी आपल्या अहवालांत अतिरिक्त ओझी, कांबळ्यांचा अभाव आणि थंडीने गारठणारी माणसे यांविषयी वारंवार तक्रार केली. हमाल पळून जात, यात नवल काहीच नाही. इतके जण टिकून राहिले याचे नवल. जपानी बाजूलाही रबौलहून आणलेले स्थानिक हमाल होतेच. दोन परक्या सैन्यांचे युद्ध त्यांच्या पाठीवरून चालले होते.

पोर्ट मोर्सबीपासून दूर, ब्रिस्बेनला, जनरल डग्लस मॅकआर्थर यांचे मुख्यालय होते. नकाशावर पर्वतरांगेत ‘गॅप’ असा शब्द छापलेला होता. गॅप म्हणजे खिंड. आणि खिंड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जशी पावनखिंड उभी राहते, मूठभर माणसांनी अडवता येणारी, तसेच काहीसे चित्र तेथे उभे राहिले. सुरुंग लावून ती जागा बंद करता येईल का, अशी विचारणाही त्या मुख्यालयातून झाली. वस्तुतः गॅप हा रांगेतील कित्येक किलोमीटर रुंदीचा खोलगट भाग होता. सुरुंगाने बंद होण्यासारखे तेथे काही नव्हते. मॅकआर्थर स्वतः वाटेच्या दक्षिण टोकापर्यंत आले ते ऑक्टोबरच्या आरंभी, माघार संपल्यावर. तोवर त्यांचे मत बनले होते : ऑस्ट्रेलियन संख्येने जास्त असूनही लढायला कच्चे आहेत.

दरम्यान होरी यांची माणसे जिंकत होती आणि जिंकता-जिंकता उपाशी मरत होती. किन्झलीचे गणित पक्षपाती नव्हते. माघार घेणाऱ्या ऑस्ट्रेलियनांचा तळ प्रत्येक धारेगणिक जवळ येत होता. पुढे जाणाऱ्या जपान्यांचा तळ प्रत्येक धारेगणिक दूर पडत होता. झटपट विजय आणि शत्रूची लुटलेली रसद यांवर त्यांची भिस्त होती. ऑस्ट्रेलियन मागे हटताना साठे नष्ट करीत, डबे फोडून ठेवीत. सप्टेंबरच्या मध्यास इओरिबाइवा धारेवर जपानी पोहोचले, तेव्हा त्यांना दूरवर समुद्र दिसला. पोर्ट मोर्सबी ४०-५० किलोमीटरवर होते, आणि शिधा जवळजवळ संपला होता.

ब्रिगेडियर केनेथ ईदर यांनी १७ सप्टेंबरला आपली ताजी २५ वी ब्रिगेड एक धार मागे, इमिटावर, घेतली. वरिष्ठ हादरले, यापुढे एक पाऊलही मागे नाही, असा निरोप आला. पण निवड अचूक होती. इमिटाच्या मागे ओवर्स कॉर्नर, आणि तेथवर ओढत आणलेल्या २५ पाउंडर तोफांच्या टप्प्यात आता इओरिबाइवा आले. प्रथमच ऑस्ट्रेलियन तोफा जपान्यांवर आग ओकू लागल्या.

त्याच सुमारास ग्वाडलकॅनाल बेटावर जपानी हल्ला फसला आणि टोकियोने तिकडे लक्ष वळवले. होरी यांना मागे फिरण्याचा आदेश मिळाला. ज्या सैनिकांनी समुद्र पाहिला होता त्यांना तो पटणे कठीण गेले. २८ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियन इओरिबाइवावर चढले तेव्हा धार रिकामी होती.

आता गणित उलटे झाले, आणि हा भाग लोकप्रिय वर्णनांत बहुधा गाळला जातो. पाठलाग करणारे ऑस्ट्रेलियन तळापासून दूर जाऊ लागले आणि तीच उपासमार, तीच विमानांची वाट पाहणे, तोच आमांश त्यांच्या वाट्याला आला. ऑक्टोबरच्या अखेरीस ऐयोरा क्रीकच्या धारेवर जपान्यांनी पक्के मोर्चे बांधून त्यांना सुमारे आठवडाभर रोखले. मागून जनरल थॉमस ब्लेमी यांचे संदेश येत राहिले : वेग वाढवा. २७ ऑक्टोबरला मेजर जनरल आर्थर ॲलन यांना पदावरून दूर केले. दुसऱ्याच दिवशी ॲलन यांच्याच माणसांनी ऐयोरा क्रीकचे मोर्चे जिंकले. नवे प्रमुख जॉर्ज व्हेझी येऊन पोहोचेपर्यंत लढाईचा निकाल लागल्यातच जमा होता. याच मोर्चांच्या परिसरात जपानी सैनिकांनी भुकेपोटी मृतांचे मांस खाल्ल्याचे पुरावे ऑस्ट्रेलियनांना सापडले. त्या संतापातून पुढे कैदी फारसे घेतले गेले नाहीत.

२ नोव्हेंबरला कोकोडा परत मिळाले. धावपट्टी दुरुस्त होताच विमाने उतरू लागली, पोटे भरली, आणि तेच सैन्य ओइवी-गोरारी येथे दहा दिवसांच्या आत निर्णायक जिंकले. होरी त्याच महिन्यात माघारीच्या वाटेवर बुडून मरण पावले.

(इंफाळच्या १९४४ मधील लढाईचा अभ्यास केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तेथेही जपानी सैन्य सुमारे तीन आठवड्यांच्या शिध्यावर, शत्रूची कोठारे लुटण्याच्या भरवशावर डोंगर ओलांडून आले. संगशाकच्या धारेवर त्यांचा वेळ खर्ची पाडणाऱ्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती.)

कोकोडावर निशाण फडकल्यानंतर आठवड्याभरात, ९ नोव्हेंबर १९४२ रोजी, पोर्ट मोर्सबीजवळच्या कोइटाकी येथे २१ व्या ब्रिगेडचे उरलेले जवान संचलनासाठी उभे होते. ब्लेमी बोलणार होते. कौतुक होईल, अशी जवानांची समजूत होती. पॉट्स यांना ब्लेमी यांनी ऑक्टोबरमध्येच दूर केले होते. भाषणात जवानांना सांगण्यात आले की कमी दर्जाच्या आणि संख्येनेही कमी शत्रूने तुम्हाला हरवले. पुढे बंदूकधारी आणि ससा यांचे उदाहरण आले : गोळी लागते ती पळणाऱ्या सशाला. रांगा चुळबुळल्या. नंतर अधिकाऱ्यांना वेगळे बोलावून आणखी कडक शब्दांत सुनावण्यात आले.

ब्लेमी यांच्या बाजूनेही थोडे सांगायला हवे. त्यांच्यावर मॅकआर्थर यांचा आणि कॅनबेरातील सरकारचा दबाव होता. स्वतःचे पदच धोक्यात होते. काही चरित्रकार म्हणतात की त्यांना जवानांना डिवचून पेटवायचे होते. असेलही. पण संचलनात उभ्या असलेल्या माणसाला हेतू ऐकू येत नाही, शब्द ऐकू येतात. ब्लेमी पुढे एका लष्करी रुग्णालयात गेले तेव्हा जखमी जवान खाटांवर बसून सशासारखी लेट्यूसची पाने कुरतडत होते, अशी कथा सैनिकांत अनेक वर्षे सांगितली जात होती.

कोकोडाच्या वाटेवर ६०० हून अधिक ऑस्ट्रेलियन मारले गेले. आजाराने निकामी झालेल्यांची संख्या ४,००० वर होती. मलेरिया, आमांश आणि स्क्रब टायफस यांनी जपानी गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे काढून नेली.

कोइटाकीहून २१ वी ब्रिगेड उत्तर किनाऱ्यावर गोनाला गेली, जेथे जपानी वाळू आणि नारळाच्या ओंडक्यांच्या मोर्चांत दडले होते. तेथे काही अधिकाऱ्यांनी आणि जवानांनी नको इतका धोका पत्करला, आणि त्याचे कारण सशाचे ते उदाहरण होते, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले. ब्रिगेडच्या जोडीला ३९ वी बटालियनही तेथे होती, अजून हॉनर यांच्याच हाताखाली. ९ डिसेंबरला, कोइटाकीच्या भाषणानंतर बरोबर एका महिन्याने, गोना पडले.

जानेवारी १९४३ मध्ये ३९ व्या बटालियनला मागे घेतले, तेव्हा तिच्यात उभे राहू शकणारे ७ अधिकारी आणि २५ जवान उरले होते. जुलै १९४३ मध्ये सैन्याने ती बटालियन विसर्जित केली.